एक कोटीची पट्टी : खासगी फंड काय काय कापतात आणि ते आधीच कसं वाचायचं

फेब्रुवारी २०२३ मधली ती पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाचा कागद, सोलापुरात अजून कुणी विसरलेलं नाही. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं इथल्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा आणला. भाव लागला किलोला १ रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती उरले २ रुपये ४९ पैसे, आणि चेक निघाला २ रुपयांचा. त्या चेकचा फोटो देशभर फिरला. बाहेरच्यांना त्यात कांद्याचा भाव दिसला. आपल्याकडच्या माणसाची नजर आधी वजावटीच्या रकान्यांवर गेली.

हीच नजर एक कोटीचा चेक फाडताना कुठं जाते, हे मला न सुटलेलं कोडं आहे. मी नवी पेठेजवळ एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बसतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतली शेड विकलेले, चादरीचे माग बंद करून युनिफॉर्मच्या धंद्यात शिरलेले, पुण्यातली जागा विकून पैसा मोकळा झालेले लोक हल्ली खासगी फंडाची एक जाड फाइल घेऊन येतात. "बँकेतल्या साहेबांनी दिलीय, जरा बघा की." मी विचारतो, फी किती? उत्तर ठरलेलं: "दोन टक्के." परवा एक कारखानदार तर हसलेच. म्हणाले, "शेकडा दोन म्हणजे आपल्या सुताच्या बाजारात महिन्याचं व्याज. हे लोक वर्षाला दोन घेतात, स्वस्तच की ओ."

स्वस्त की महाग, ते टक्क्यावरून कळत नाही. दोन टक्के कशावर, किती वर्षं आणि त्याशिवाय काय काय, ते मांडल्यावर कळतं. फंड कुठला घ्यावा हे मी इथं सांगणार नाही. फाइल कशी वाचावी, एवढंच सांगतो. वही आणि कॅल्क्युलेटर जवळ घ्या.

आधी समोर काय ठेवलंय ते ओळखा

ज्याला सगळे एआयएफ म्हणतात तो पर्यायी गुंतवणूक निधी. त्याला सेबीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचे, २०१२ चे नियम लागू होतात. म्युच्युअल फंडासारखी जाहिरात करून पाचशे-हजार रुपये गोळा करायची त्याला मुभा नाही. पैसा खासगीत उभा करायचा, प्रत्येकाकडून किमान १ कोटी घ्यायचे आणि एका योजनेत १००० पेक्षा जास्त गुंतवणूकदार ठेवायचे नाहीत. प्रकार तीन. पहिल्यात स्टार्टअप, लघुउद्योग, पायाभूत सुविधांचे फंड. दुसऱ्यात प्रायव्हेट इक्विटी, म्हणजे कंपन्यांत खासगीत हिस्सा घेणारे, आणि खासगी कर्ज देणारे फंड. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक फाइली याच प्रकारच्या. तिसऱ्यात शेअर बाजारात डेरिव्हेटिव्ह वगैरे वापरून खेळणारे हेज फंड. प्रकार आधी बघायचा, कारण फी लावायची रीत त्यावर बदलते.

एक गोष्ट मात्र तिन्ही प्रकारांना सारखी. म्युच्युअल फंडानं वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च लावावा याची मर्यादा सेबीनं बांधून दिली आहे. एआयएफच्या मॅनेजमेंट फीला तशी मर्यादा नाही. तिथं तत्त्व एवढंच की जे घ्याल ते कागदावर लिहा. म्हणजे तुमचं संरक्षण त्या कागदात आहे, आणि कागद वाचला नाही तर तेही नाही.

आणखी एक, कारण आपल्याकडे भिशीची सवय आहे. दहा जणांनी दहा-दहा लाख काढून एकाच्या नावानं कोटी भरायचे, असं कुणी सुचवलं तर तिथूनच परत फिरा. एक कोटीच्या अटीत नवरा-बायको किंवा आई-वडील आणि मूल अशा दोघांना एकत्र गुंतवणूक करता येते. मित्रमंडळाला येत नाही. उद्या ज्याच्या नावावर युनिट, त्याचंच खरं.

फाइलीतली योग्य पानं शोधा

चकचकीत पुस्तिका बाजूला ठेवा. लागतात दोनच कागद: पीपीएम, म्हणजे फंडाचं माहितीपत्रक, आणि काँट्रिब्युशन अॅग्रीमेंट, म्हणजे तुमचा आणि फंडाचा करार. फेब्रुवारी २०२० मध्ये सेबीनं पीपीएमचा साचा ठरवून दिला, त्यामुळे आता फी आणि खर्च, हितसंबंधांचा संघर्ष, आधीच्या कारवाया हे सगळं ठरलेल्या शीर्षकांखाली सापडतं. पीपीएममध्ये लिहिल्याप्रमाणे फंड वागतो का, याचं दरवर्षी ऑडिटही व्हावं लागतं.

दोन्ही कागदांत फरक असेल तर कुठला वरचढ, हे करारात लिहिलेलं असतं. ते कलम शोधा. आणि तुम्हाला कुठला क्लास देताहेत तेही बघा. एकाच फंडात एक कोटीवाल्याला एक दर, पाच कोटीवाल्याला दुसरा, असं असतं. मोठ्या ऑर्डरला भाव कमी, यात वावगं काही नाही, पण दोन भावांनी वेगवेगळा एकेक कोटी टाकण्याआधी दोन कोटींचा दर विचारून घ्यावा.

दोन टक्के कशावर?

इथं थांबून नीट बघू, कारण सगळ्यात जास्त गल्लत इथंच होते.

तुम्ही एक कोटी एकदम भरत नाही. एक कोटी द्यायचं वचन देता, त्याला कमिटमेंट म्हणतात. फंड लागतील तसे पैसे मागवतो, ते ड्रॉडाउन. समजा पहिल्या वर्षी फक्त २५ लाख मागवले. फी किती? कराराप्रमाणे फी कमिटमेंटवर असेल, तर दोन लाख. म्हणजे फंडाकडे गेलेल्या पैशांवर त्या वर्षी ८ टक्के पडले. उरलेले ७५ लाख तुमच्या बँकेतच आहेत, तुम्हीच सांभाळताय, आणि ते सांभाळायची फी दुसऱ्याला देताय. फी प्रत्यक्ष गुंतवलेल्या रकमेवर असेल तर त्याच दोन टक्क्यांचे ५० हजार होतात.

बऱ्याच फंडांत पहिली काही वर्षं कमिटमेंटवर आणि नंतर अजून न विकलेल्या गुंतवणुकीच्या मूळ किमतीवर, अशी रीत असते. तसंच धरून एक हिशेब करू. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. सात वर्षांचा फंड, फी २ टक्के. पहिली ४ वर्षं १ कोटीच्या कमिटमेंटवर: वर्षाला २ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ हजार, मिळून २,३६,०००; चार वर्षांचे ९,४४,०००. पुढची ३ वर्षं सरासरी ६० लाखांच्या शिल्लक गुंतवणुकीवर: वर्षाला १,२०,००० अधिक जीएसटी २१,६००, म्हणजे १,४१,६००, तीन वर्षांचे ४,२४,८००. एकूण मॅनेजमेंट फी १३,६८,८००. सुरुवातीची सेटअप फी १ टक्का, जीएसटी धरून १,१८,०००. फंडाचे चालू खर्च करासकट वर्षाला ४० हजार धरले तर सात वर्षांचे २,८०,०००. सगळं मिळून १७,६६,८००. शेकडा दोन म्हणत म्हणत एक कोटीतले साडेसतरा लाखांहून जास्त गेले, आणि कामाला लागले ८२,३३,२००. नफ्यातला वाटा अजून कापायचाय.

ते कारखानदार जीएसटीचा आकडा बघून म्हणाले, "त्याचं काय, क्रेडिट घेऊ की." धंदा करणाऱ्याला ती सवयच असते. पण हे बिल तुमच्या फर्मच्या नावानं येत नाही. मॅनेजर सेवा देतो फंडाला, बिल फंडाच्या नावावर. तुम्हाला त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, नाही. सरळ खर्चात धरायचं.

आता वहीत चार उत्तरं लिहा. फी कमिटमेंटवर, गुंतवलेल्या रकमेवर की एनएव्हीवर, म्हणजे फंडाच्या आजच्या निव्वळ किमतीवर? पद्धत कुठल्या तारखेला बदलते? फी एक कोटीच्या आतून जाते की वरून वेगळी भरायची? आणि फी सुरू कधीपासून? शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. तुम्ही फंडात वर्षभरानं आलात तरी फी पहिल्या क्लोजिंगपासून, म्हणजे गुंतवणूकदारांची पहिली तुकडी आत घेतली त्या दिवसापासून, लागू, असं कलम सर्रास असतं. त्याबरोबरच उशिरा येणाऱ्याकडून इक्वलायझेशन म्हणून जादा रक्कम घेतात. आधीच्यांचे पैसे इतके दिवस अडकले होते, त्याची ती भरपाई. कल्पना रास्त आहे. मात्र तिचा दर काय आणि ती रक्कम आधीच्या गुंतवणूकदारांना जाते की मॅनेजरला, हे बघा. अशी रक्कम सहसा तुमच्या एक कोटीत मोजली जात नाही.

खर्चाची यादी : हमाली, तोलाई आणि 'इतर'

मॅनेजमेंट फी ही मॅनेजरची मजुरी. त्याचा पगार, त्याच्या ऑफिसचं भाडं, त्याची माणसं त्यातून भागली पाहिजेत. फंडाचे स्वतःचे खर्च वेगळे: ट्रस्टी, कस्टोडियन, ऑडिटर, रजिस्ट्रार, मूल्यांकन करणारा, वकील, डिमॅटचा खर्च, ब्रोकरेज, स्टॅम्प ड्यूटी. हे सगळं फंडातून जाणार, यात काही गैर नाही. पण ही यादी कुठं संपते ते बघा. बहुतेक वेळा ती संपतच नाही. 'यांसह, परंतु एवढ्यापुरते मर्यादित नसलेले सर्व खर्च' या अर्थाचं एक वाक्य शेवटी असतं, आणि त्या वाक्यातून विमानाचं तिकीटसुद्धा आत येऊ शकतं. कमाल मर्यादा आहे का, विचारा. काही फंड वर्षाला कमिटमेंटच्या अमुक टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा घालतात, काही 'प्रत्यक्ष झालेला खर्च' एवढंच लिहितात. दुसऱ्या प्रकारात मागच्या योजनेचा प्रत्यक्ष आकडा मागून घ्यावा.

मोडलेल्या सौद्याचा खर्च हा यातला सगळ्यात बेरकी प्रकार. मॅनेजर एखादी कंपनी घ्यायला जातो, वकील, सीए, तपासणी यांवर लाखो खर्च करतो आणि सौदा फिसकटतो. तो खर्च कुणी सोसायचा? अमेरिकेतलं प्रकरण सांगतो. तिथली केकेआर ही मोठी प्रायव्हेट इक्विटी संस्था. क्रिकेटचा संघ नव्हे. २००६ ते २०११ या काळात तिनं अशा फिसकटलेल्या सौद्यांवर आणि तपासण्यांवर ३३ कोटी ८० लाख डॉलर खर्च केले. सौदा जमला असता तर त्यात संस्थेची स्वतःची माणसं आणि काही निवडक सहगुंतवणूकदार आपापले पैसे घेऊन उतरणार होते. फिसकटलेल्या खर्चाचा वाटा मात्र त्यांच्यावर टाकलाच नाही. तो मुख्य फंडांच्या गुंतवणूकदारांवर पडला. जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या नियामकानं, तिथल्या सेबीनं म्हणा, हे प्रकरण जवळपास ३ कोटी डॉलरवर मिटवलं. त्यात १ कोटी डॉलर दंड. म्हणून पीपीएममध्ये सहगुंतवणुकीचा उल्लेख दिसला की लगेच विचारायचं: सौदा मोडला तर सहगुंतवणूकदार खर्चात वाटेकरी का?

उलट बाजूनंही पैसा येतो. मॅनेजरची माणसं गुंतवणूक केलेल्या कंपनीच्या बोर्डावर बसतात, सल्ला देतात आणि त्या कंपनीकडून फी घेतात. ती कंपनी तुमच्याच पैशानं घेतलेली, म्हणजे फी अप्रत्यक्षपणे तुमच्याच खिशातली. चांगल्या करारात ही रक्कम मॅनेजमेंट फीमधून वजा होते. पूर्ण की अर्धी, तो आकडा वहीत लिहा. २०१५ च्याच ऑक्टोबरमध्ये ब्लॅकस्टोन या संस्थेनंही अमेरिकेत असंच एक प्रकरण जवळपास ३ कोटी ९० लाख डॉलरवर मिटवलं. कंपनी विकताना पुढच्या वर्षांची देखरेखीची फी आधीच एकदम काढून घ्यायची, आणि ही रीत गुंतवणूकदारांना वेळेत नीट सांगायची नाही, अशी ती तक्रार होती.

फंड दुसऱ्या फंडांत पैसे टाकणारा असेल तर दोन मजल्यांची फी लागते. वरच्याची दिसते, खालच्याची विचारावी लागते.

मधल्या माणसाचं कमिशन

फाइल आणून देणारे साहेब समाजसेवा करत नाहीत, आणि करावी अशी अपेक्षाही नाही. प्रश्न एवढाच की त्यांचं कमिशन किती आणि तुम्हाला दुसरा रस्ता आहे का. आहे. सेबीच्या एप्रिल २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ मे २०२३ पासून प्रत्येक एआयएफ योजनेत डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागतो, ज्यात वितरणाची फी नसते. तुम्ही आधीच एखाद्या सेबी नोंदणीकृत सल्लागाराला किंवा पोर्टफोलिओ मॅनेजरला वेगळी फी देऊन त्याच्यामार्फत येत असाल, तर तुम्हाला डायरेक्टमध्येच घ्यावं लागतं. कमिशन देण्याची पद्धतही ठरली आहे. तिसऱ्या प्रकारच्या फंडात सुरुवातीला एकरकमी काही नाही, दरवर्षी समान हप्त्यांनी. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात एकूण कमिशनच्या एक तृतीयांशापर्यंत आधी, बाकीचं मुदतभर समान.

विचारायची लाज वाटत असेल तर एकच वाक्य पाठ करा: "डायरेक्टचा आणि तुमचा, दोन्हीचा खर्चाचा तक्ता शेजारी शेजारी द्या." तक्ता आला की लाज जाते.

नफ्यातला वाटा : तीन शब्द, बारा लाख

मॅनेजरला नफ्यातही वाटा असतो, त्याला कॅरी म्हणतात. सहसा २० टक्के. पण आधी गुंतवणूकदाराला ठरलेला किमान परतावा मिळावा, मग वाटा. त्या किमान परताव्याला हर्डल म्हणतात. आपल्याकडे तो १० टक्क्यांच्या आसपास ठेवलेला दिसतो. इथपर्यंत सगळे माना डोलावतात. तिसरा शब्द येतो कॅच-अप, आणि तिथं पान उलटलं जातं.

उदाहरण घ्या. १ कोटी एकदम गेले, सगळे खर्च वजा जाऊन पाच वर्षांनी २ कोटी झाले. नफा १ कोटी. हर्डल १० टक्के चक्रवाढ, म्हणजे पाच वर्षांनी १,६१,०५,१०० होईपर्यंत सगळं तुमचं.

कॅच-अप नसेल आणि कॅरी फक्त हर्डलवरच्या रकमेवर असेल, तर हर्डलच्या वर उरले ३८,९४,९००. त्याचे २० टक्के मॅनेजरला: ७,७८,९८०.

कॅच-अप शंभर टक्के असेल, तर तुमचं हर्डल भरल्यावर पुढचा सगळा पैसा आधी मॅनेजरकडे जातो, त्याचा वाटा एकूण नफ्याच्या २० टक्के होईपर्यंत. म्हणजे १५,२६,२७५ सलग त्याला. उरलेल्या २३,६८,६२५ चे पुन्हा २० टक्के, ४,७३,७२५. बेरीज करा: बरोबर २० लाख. हर्डल म्हणून जी भिंत दाखवली होती, ती ओलांडल्यावर मॅनेजरनं मागं वळून भिंतीअलीकडचाही वाटा नेला.

दोन्हींतला फरक १२,२१,०२०. तोच फंड, तोच परतावा, तेच २० टक्के. कॅच-अप म्हणजे लबाडी असं मी म्हणत नाही, जगभर चालणारी रीत आहे ती. पण जो साहेब 'दहा टक्क्यांच्या वरच्याच नफ्यात आमचा वाटा' असं तोंडी सांगतो आणि फाइलीत कॅच-अप असतो, त्याला हे दोन आकडे कागदावर मांडून दाखवावेत.

दुसरी गोष्ट, हिशेब लॉटगणिक की सगळा माल गेल्यावर? फंडानं दहा कंपन्या घेतल्या. पहिल्या दोन झकास विकल्या, शेवटच्या चार बुडाल्या. प्रत्येक सौद्यावर कॅरी काढायची पद्धत असेल, तर पहिल्या दोनांवरचा वाटा मॅनेजर घेऊन मोकळा झालेला असतो. पूर्ण फंडाचा एकत्र हिशेब असेल, तर तुमचं भांडवल आणि हर्डल परत आल्यावरच त्याची पाळी येते. लॉटगणिक हिशेब असेल तर क्लॉबॅकचं कलम शोधा: जास्त गेलेला वाटा परत आणायची सोय. त्यात 'कर वजा जाता' असं लिहिलंय का, आणि परतफेडीची हमी कोण देतं, एवढं वाचलं की पुरे.

हे आकडे न मागता बाहेर येत नाहीत, हा अनुभव मोठ्यांनाही आहे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंड कॅलपर्स जगातल्या सगळ्यात मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक. १९९० पासून आपण प्रायव्हेट इक्विटीवाल्यांना नफ्यात किती वाटा दिला, हा आकडा त्यानं नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केला: ३.४ अब्ज डॉलर. पंचवीस वर्षांनी.

तिसरा प्रकार आणि पीएमएस

शेअर बाजारातल्या फंडांत फी बहुधा एनएव्हीवर आणि नफ्यातला वाटा ठरावीक काळानं. इथं शब्द महत्त्वाचा तो हाय वॉटरमार्क. एनएव्ही १०० वरून १३० झाली, मॅनेजरनं वाटा घेतला. मग ११० वर घसरली, पुन्हा १२८ झाली. ११० ते १२८ ही वाढ नवी नाही. १३० पार होईपर्यंत वाटा नाही. हे कलम नसेल तर एकाच चढणीचे पैसे दोनदा द्याल. शिवाय तिसऱ्या प्रकारात कर सहसा फंडाच्या पातळीवरच भरला जातो, म्हणून दाखवलेला परतावा कराआधीचा की नंतरचा, ते विचारा. पहिल्या-दुसऱ्या प्रकारात धंद्याचं उत्पन्न सोडून बाकीचं तुमच्या हातात येऊन करपात्र होतं आणि निवासी गुंतवणूकदाराचा १० टक्के टीडीएस कापला जातो. तुमच्या सीएला पीपीएमचं कराचं प्रकरण आधीच पाठवा, मार्चअखेर नको.

पन्नास लाखांची पीएमएस, म्हणजे तुमच्या नावावरचे शेअर मॅनेजरनं सांभाळायची सेवा, हा वेगळा प्राणी आहे आणि फीच्या बाबतीत जास्त बांधलेला. सुरुवातीला एकरकमी फी घेता येत नाही. ब्रोकरेज सोडून बाकीच्या चालू खर्चाला वर्षाला अर्ध्या टक्क्याची मर्यादा. नफ्यातला वाटा हाय वॉटरमार्कप्रमाणेच. पैसे लवकर काढले तर पहिल्या वर्षी कमाल ३, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी १ टक्का, नंतर काही नाही. ज्याच्याकडे एक कोटी अडकवण्याइतकी उसंत नाही, त्यानं हाही दरवाजा ठोठावून बघायला हरकत नाही.

पैसे गेल्यावर

ड्रॉडाउनची नोटीस ईमेलनं येते आणि दिवस मोजके असतात. उशीर झाला तर दंडव्याज, फारच झाला तर युनिटवर पाणी सोडायची पाळी, असं करारात लिहिलेलं असतं. सीझनला सुतात पैसा अडकलेला असताना नोटीस येणारच, हे गृहीत धरून कमिटमेंट द्या. प्रत्येक नोटिशीत गुंतवणुकीसाठी किती आणि फी-खर्चासाठी किती, हे वेगळं मागा आणि वहीत तारखेसकट उतरवा.

पहिल्या-दुसऱ्या प्रकारचे फंड आर्थिक वर्ष संपल्यावर १८० दिवसांत वार्षिक अहवाल देतात. त्यातली एनएव्ही बघण्याआधी खर्चाचं परिशिष्ट उघडा आणि मागच्या वर्षाशी ताडून बघा. परतावा 'ग्रॉस' दाखवला असेल तर तो तुमचा नाही. फी, खर्च, कॅरी जाऊन उरतो तो तुमचा. तो स्वतः काढायलाही सोपा आहे: एक्सेलमध्ये तुमच्या बँक पासबुकातल्या तारखा आणि रकमा टाका, गेलेल्या उणे, आलेल्या अधिक, आणि एक्सआयआरआर लावा, म्हणजे तारखांप्रमाणे वार्षिक परतावा काढणारं सूत्र. पासबुकाला ग्रॉस-नेट कळत नाही.

मुदतीचंही बघा. पहिल्या-दुसऱ्या प्रकारचा फंड किमान तीन वर्षांचा असतो आणि दोन तृतीयांश गुंतवणूकदारांच्या, म्हणजे रकमेच्या हिशेबानं, संमतीनं आणखी दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. वाढीव काळात फी चालू राहते की कमी होते? मुदतवाढीच्या मतदानाचा ईमेल येतो तेव्हा नुसतं 'हो' करू नका, आधी हे विचारा. त्या वेळी तुमच्या मताला किंमत असते.

आकडा जुळला नाही तर आधी मॅनेजरला लेखी. समाधान झालं नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार. तिथं २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरी मिटलं नाही तर स्मार्ट ओडीआर, म्हणजे ऑनलाइन तंटा मिटवायची सोय. तक्रारीत 'फसवणूक झाली' असं न लिहिता पीपीएमचं पान, कलम आणि दोन आकडे लिहा: एवढे ठरले होते, एवढे कापले.

त्या शेकडा दोनवाल्या कारखानदारांनी आमच्याच ऑफिसात बसून वहीच्या एका पानावर पट्टी मांडली. वर 'एक कोट' लिहिलं, खाली एकेक वजावट. कॅच-अपचा आकडा लिहिताना पेन थांबलं, चष्मा पुसला, परत लिहिलं. मग फाइल आणणाऱ्या साहेबांना तीन प्रश्न मेल केले: डायरेक्टचा तक्ता, कॅच-अप किती, चालू खर्चाला मर्यादा काय. चार दिवसांनी उत्तर आलं. तक्ता जोडला होता, कॅच-अप शंभर टक्के होता, मर्यादेबद्दल काही नव्हतं, आणि न मागता एक ओळ जादा होती: 'आपल्यासाठी सेटअप फी माफ करता येईल.'

"एक लाख अठरा हजार," ते म्हणाले. "तीन ओळींच्या मेलला." तिसऱ्या प्रश्नाचा मेल त्यांनी तिथंच बसून पुन्हा पाठवला. पैसे अजून टाकलेले नाहीत. गड्ड्याची जत्रा उरकू दे, मग बघू म्हणालेत.